कोकणात हवामानाचा अंदाज कुठे बघावा? गुहागरच्या एका बागायतदाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईची नोकरी सोडून तुम्ही गुहागरजवळच्या गावी परत आलात. हापूसची कलमं आहेत आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या आहेत. फोनमध्ये हवामानाची चार अ‍ॅप आहेत. गेल्या आठवड्यात एकाने ८० टक्के पाऊस दाखवला म्हणून फवारणीची माणसं परत पाठवलीत, तर दिवसभर कडकडीत ऊन. दोन दिवसांनी दुसऱ्याने निरभ्र दाखवलं म्हणून फवारणी उरकलीत, तर रात्री सर आली आणि औषध धुऊन गेलं. यातलं कुठलं ठेवू, कुठलं काढू, आणि पैसे भरून मिळणारं अ‍ॅप जास्त खरं असतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी राजापूर तालुक्यात बाग सांभाळतो आणि आसपासच्या बागायतदारांना फवारणीच्या तारखा ठरवून देतो. अंदाज हुकला की लोक हवामान खात्याला नाही, मला फोन करतात. त्यामुळे या विषयात डोकं घालणं भाग पडलं. एकच नाव मी सांगणार नाही. 'उद्या फवारू का', 'पाहुण्यांना होडीतून पाठवू का', 'चिपळूणचा रस्ता चालू राहील का' हे तीन प्रश्न वेगळे आहेत. तिन्हींची उत्तरं एकाच ढगाच्या चित्रात शोधायला गेलात की तुमचं झालं तसंच होतं.

आधी अ‍ॅपच्या आत काय असतं ते बघू. वाशी मार्केटात पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं आणि आतला आंबा कर्नाटकातला निघतो, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही पेटी कोणाची यापेक्षा माल कुठला ते बघायचं. अख्ख्या पृथ्वीच्या वातावरणाचं गणित मांडणारी मोठी मॉडेलं मोजकीच आहेत: युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन, अशी. आपल्याकडे मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. तिची जाळी, म्हणजे ज्या चौकोनांत नकाशा कापून गणित मांडतात ती, ६ किलोमीटरची आहे, त्याआधीची १२ ची होती. ईसीएमडब्ल्यूएफची साधारण ९, जीएफएसची १३. बाजारातली बरीचशी अ‍ॅप यातल्याच एकदोन मॉडेलांचे आकडे उचलतात, त्यावर स्वतःची थोडी आकडेमोड करतात आणि वर चित्र चिकटवतात. म्हणून चारपैकी तीन अ‍ॅपनी एकच सांगितलं तर तीन साक्षीदार मिळाले असं धरू नका. तिघांनीही एकाच्याच तोंडचं ऐकलेलं असू शकतं. ज्या अ‍ॅपमध्ये मॉडेलचं नाव शोधूनही सापडत नाही, ते मी निर्णयासाठी उघडत नाही. घड्याळाशेजारी तापमान दिसायला ठीक आहे.

ही किलोमीटरची जाळी घाटावर एक वेळ चालून जाते. कोकणात मात्र नऊ किलोमीटरच्या चौकोनात पुळण (वाळूचा किनारा), खाडी, सडा (कातळाचं पठार) आणि डोंगरउतार असं सगळंच येतं. मॉडेल त्या चौकोनाला एक उंची, एक तापमान आणि एक पाऊस देतं. चौकोन अर्धा समुद्रात असेल तर मार्चमध्ये फोन ३१ अंश दाखवत बसतो आणि तुमच्या सड्यावरच्या कलमांखाली पारा ३६ च्या वर गेलेला असतो. सह्याद्रीचा उभा कडा मॉडेलात बोथट होतो, त्यामुळे घाटाखाली नेमका किती कोसळेल हे त्याला नीट पकडता येत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीच्या घरात. एवढा फरक काही तासांच्या प्रवासात. त्याहून टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं: मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ च्या आत. त्या दिवशी 'मुंबईत पाऊस' एवढाच अंदाज कुणी बरोबर दिला असता तरी त्याचा उपयोग काय झाला असता?

हवामान खात्याला नावं ठेवण्याआधी त्यांची भाषा एकदा समजून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव केंद्रांपर्यंत, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही पुढे. मुसळधार हा शब्दही मापाचा आहे: चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आता रत्नागिरी जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे आणि खाली 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' लिहिलंय असं समजा. जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला. पाऊस खेडच्या वर कोसळला आणि तुमचं अंगण कोरडं राहिलं तरी अंदाज खोटा ठरत नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हातपाय हलवा. आणखी एक बारीक गोष्ट: खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. आज रात्री पडलेला पाऊस उद्याच्या तारखेच्या आकड्यात येतो. 'काल एवढा पडला आणि यांच्याकडे नोंदच नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीचा आकडा बघावा.

आता तुमच्या फवारणीकडे येतो, कारण पैसे तिथेच गेलेत.

८० टक्के म्हणजे जोराचा पाऊस नव्हे, आणि दिवसाचा ८० टक्के वेळ पाऊसही नव्हे. त्या ठिकाणी, त्या मुदतीत, मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता एवढाच त्याचा अर्थ. तो ०.३ मिमी असला तरी आकडा ८० च दिसतो. पौष-माघात असे शिडकावे मॉडेलात बरेचदा दिसतात आणि जमिनीवर येईपर्यंत विरून जातात. म्हणून टक्केवारी सोडा आणि तासागणिक मिलिमीटरचा तक्ता उघडा. तुमच्या पहिल्या दिवशी तिथे फारसं काही नसणार, असा माझा अंदाज. दुसऱ्या दिवशी उलट झालं असावं. दिवसाचं जे एक चित्र दिसतं ते बऱ्याच अ‍ॅपमध्ये दिवसाच्या उजेडातल्या तासांवरून ठरतं. रात्री दोनची सर त्या पिवळ्या सूर्यामागे लपते. तासांच्या तक्त्यात ती दिसली असती, कदाचित.

माझी पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी दोन वेगळ्या घराण्यांची मॉडेलं शेजारी ठेवून बघतो. विंडी नावाच्या अ‍ॅपमध्ये तुलनेची सोय आहे, तिथे ईसीएमडब्ल्यूएफ आणि जीएफएस एकाखाली एक दिसतात. दोन्ही पुढची रात्र कोरडी म्हणत असतील तर माणसांना निरोप जातो. एक ओलं आणि एक कोरडं असेल तर काय करायचं हे बागेवर अवलंबून आहे, हवामानावर नाही. मोहोर कुठल्या टप्प्यावर आहे? औषध आंतरप्रवाही आहे की स्पर्शजन्य? आंतरप्रवाही औषध पानात मुरायला काही तास मिळाले की बरंचसं काम होतं, स्पर्शजन्य मात्र सरीबरोबर खाली जातं. मोहोर नुकता फुटतोय आणि एक दिवस थांबता येत असेल तर मी थांबतो. तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारे किडे, दिसायला लागले असतील तर चिकटद्रव घालून फवारतो आणि वाया जाण्याचा धोका गृहीत धरतो. ही निवड कुठलंही अ‍ॅप तुमच्यासाठी करून देणार नाही.

अंदाज बघायची वेळही महत्त्वाची. मॉडेलांचं मुख्य गणित आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चालतं आणि निकाल पुढे काही तासांनी येतो. म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफचा ताजा अंदाज दुपारच्या सुमारास आणि नंतर मध्यरात्रीच्या आसपास. सकाळी सातला फोन उघडून जो बघताय तो आदल्या संध्याकाळचा माल आहे. दर तासाला अ‍ॅप उघडून काही नवं कळत नाही, नुसता जीव खालीवर होतो.

पावसापलीकडे चार गोष्टी आंबेवाल्याने बघायला हव्यात, आणि नवे लोक नेमक्या त्याच सोडतात. पहिली म्हणजे ढग आणि आर्द्रता. पाऊस शून्य टक्के असला तरी दोनतीन दिवस मळभ राहिलं की तुडतुडे आणि भुरी या बुरशीची चिंता सुरू होते. अ‍ॅपवर 'पाऊस नाही' वाचून निवांत राहिलेला माणूस आठवड्याने मोहोर काळा पडलेला बघतो. दुसरी म्हणजे वारा. समुद्राकडून येणारा खारा वारा साधारण दुपारच्या आधीच भरायला लागतो, एकदा तो सुटला की फवारा झाडापेक्षा शेजाऱ्याच्या बागेत जास्त जातो. दव सुकल्यापासून वारा भरेपर्यंतची जी वेळ मिळते तीच आपली. तिसरी, रात्रीचं किमान तापमान. मोहोर यायच्या दिवसांत ते उतरतंय की नाही यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. चौथी फेब्रुवारी-मार्चची: वाऱ्याच्या नकाशावर दुपारपर्यंत पूर्वेकडून, जमिनीकडून वारा दिसत असेल तर त्या दिवशी खारा वारा उशिरा येणार आणि पारा चढणार, मग फोनवर काहीही आकडा असो. लहान फळांची गळ अशाच दिवसांत होते. झाडांना पाणी द्यायची सोय असेल तर आदल्या दिवशीच द्या.

जोडीला 'मेघदूत' हे शेतीसल्ल्याचं सरकारी अ‍ॅप ठेवा. त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाचा सल्ला येतो. आपल्याकडे या सल्ल्यामागे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माणसं असतात, ज्यांनी करपा रोग डोळ्यांनी बघितलाय. पल्ल्याचंही भान ठेवा. तीन दिवसांपर्यंतचं मी मनावर घेतो, पाचव्या दिवसाचं पेन्सिलीने लिहितो. सातव्या दिवसापुढे 'ओलं होत जातंय की कोरडं' एवढंच बघतो. पंधराव्या दिवशी दुपारी चार वाजता २.४ मिमी दाखवणारं अ‍ॅप करमणुकीसाठी चांगलं. महिनाभराचा कल हवा असेल तर हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतं. त्यात तारखा नसतात, सरासरीपेक्षा कमी की जास्त एवढंच असतं.

पावसाळ्यात सगळं चित्र बदलतं. जुलैत टक्केवारी रोज नव्वदच्या वर, तिचा काय उपयोग? तेव्हा हवामान खात्याच्या बातमीपत्रात किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्याचा उल्लेख आहे का ते शोधा. तो गुजरात किनाऱ्यापासून केरळपर्यंत तयार झाला आणि पश्चिमेचा वारा जोरात असला की कोकणात दोनतीन दिवस सोडत नाही. पुढच्या दोनतीन तासांसाठी खात्याचा तात्कालिक इशारा आणि रडार. रडार मुंबईत कुलाबा आणि वेरावलीला आहेत, दक्षिणेला गोव्यात आहे, आणि तुम्ही बरोबर मधे. कुलाब्यापासून गुहागर दीडशे किलोमीटरच्या वर. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण तुमच्या डोक्यावर येईपर्यंत अडीच-तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. पावसाळ्यातले बुटके ढग त्याच्या खालून निसटतात आणि रडारवर काही नसताना तुम्ही भिजता. ऑक्टोबरातले गडगडाटी ढग मात्र उंच, ते छान दिसतात. भातकापणीच्या दिवसांत विजेसाठी 'दामिनी' जरूर ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं अ‍ॅप आहे, तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. परतीच्या पावसात कुठल्या वाडीवर सर येईल हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. दुपारी पूर्वेला ढग उभे राहिले आणि दामिनी वाजली की कापलेल्या भाताची उडवी झाकायची.

पाहुण्यांचं म्हणाल तर जुलैत 'कोरडा दिवस कुठला' विचारणाऱ्याला छत्री द्यावी. पण त्यांच्या रस्त्याची काळजी तुम्हाला करावी लागेल, आणि तिथे गुहागरचा पाऊस बघून भागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते आठवा. वाशिष्ठीच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीचं पोफळीकडून उतरणारं पाणी आणि दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती यांची सांगड तिथे पडते. म्हणून जोराच्या पावसात मी कोयनेच्या खोऱ्यातल्या महाबळेश्वर आणि नवजाचे सकाळचे पावसाचे आकडे बघायला सांगतो आणि शेजारी भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असेल तर पाहुण्यांना लवकर निघायला सांगा.

समुद्रासाठी आकाशाचं अ‍ॅप चालत नाही, एवढंच लक्षात ठेवा. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा, प्रवाहांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते, त्यांचं 'समुद्र' नावाचं अ‍ॅपही आहे. दक्षिण हिंदी महासागरात दूर कुठे वादळ झालं की त्याच्या लांब लाटा दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. वर आकाश निळं, वारा पडलेला, आणि होडी मात्र धक्क्याला लागत नाही. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर तुमच्या फोनमध्ये काहीही दिसो, पाहुण्यांना बाहेर पाठवू नका. समुद्रात जाणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा. तो नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नका.

अजून एक जमात आहे: 'पुढचे ४८ तास कोकणावर महासंकट' असे लाल अक्षरांतले व्हिडिओ. माझी कसोटी सोपी आहे. जिल्हा, तारीख आणि मिलिमीटर यातलं काहीच नसेल, आणि आठवड्यापूर्वीचा अंदाज चुकल्यावर तो कुठे चुकला हे सांगायची पद्धत नसेल, तर पुढचं बघू नका. त्यापेक्षा आमच्या घरी पंचांग काढून मृगाचं वाहन बेडूक की म्हैस हे बघतात ते बरं. त्यावर निदान कोणी फवारणी रद्द करत नाही.

पैसे भरायचे का? तुमच्यासाठी नको. पैसे भरून बहुधा जाहिराती जातात, तासांचा तक्ता जास्त बारीक होतो, पण कोकणापुरता वेगळा सह्याद्री त्यात बसवलेला नसतो. त्याच पैशात एक साधं पर्जन्यमापक घ्या आणि झाडाच्या किंवा छपराच्या आडोशात न ठेवता उघड्यावर खांबाला लावा. रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहा, म्हणजे खात्याच्या आकड्याशी थेट ताडता येईल. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशी दोन मॉडेलांनी काय म्हटलं होतं ते लिहा. एक पावसाळा आणि एक मोहोराचा हंगाम गेला की तुमच्या बागेपुरतं कोण कधी फुगवतं आणि कोण कधी दाबतं हे दिसायला लागेल. माझ्याकडे एक मॉडेल हिवाळ्यातले शिडकावे सतत जास्त दाखवतं, तुमच्याकडे दुसरंच असू शकेल. माझी वही तुमच्या उपयोगाची नाही, त्याचं कारण हेच.

फोनमध्ये मग राहतं काय: इशाऱ्यांसाठी हवामान खात्याचं 'मौसम', बागेसाठी 'मेघदूत', तुलनेसाठी विंडी, विजेसाठी 'दामिनी', आणि होडीचा संबंध असेल तर 'समुद्र'. बाकीची चार काढून टाकलीत तरी चालेल.

आणि फोन बंद पडेल तेव्हाचं आत्ताच बघून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येणार हे किनाऱ्याला आधी कळलं होतं, पण ते गेल्यावर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. पुढचा इशारा ऐकायला एक बॅटरीवरचा रेडिओ घरात ठेवा. तुमच्या वाडीत आकाशवाणी रत्नागिरी कुठल्या खोलीत स्वच्छ लागतं, ते मेअखेरीच्या आत एकदा फिरवून बघा.